नवसाचं मेहूण

त्या डॉक्टरचे पाय मी धुतले तेव्हा पाणी मुद्दामच कढत ठेवलं होतं. परातीत पाऊल ठेवताच त्यानं अंगठा आखडून घेतला, आणि मला इतकं बरं वाटलं की तेवढ्यावर मी महिनाभर जगलो असतो.

आता कोणी म्हणेल, ज्याचा एवढा राग, त्याचे पाय धुवायचेच कशाला? तर माझ्या तोंडामुळे. माझं तोंड लहानपणापासून माझ्या ताब्यात नाही. शाळेत त्यानं मला बाकावर उभं केलं, ऑफिसात बढती अडवली, आणि ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसलो असताना त्यानं देवाला असं काही कबूल केलं की जे मी शुद्धीवर असतो तर शेजाऱ्यालाही कबूल केलं नसतं.

पण आधी तो डॉक्टर. आमचं घर काचीगुड्याला. आजोबांनी खेड्यातली शेती भावाच्या हवाली करून हैदराबाद गाठलं, वडिलांनी निजामाच्या कचेरीत उर्दूत कारकुनी केली, मी आबिड्सच्या एका सरकारी ऑफिसात इंग्रजीत केली. दिवसभर साहेबाशी दख्खनी, बाजारात तेलुगू, आणि संध्याकाळी घरी आलं की मराठी. अशा माणसाचं एक होतं. रस्त्यात कोणी मराठीत खोकला तरी त्याला तो आपला चुलतभाऊ वाटतो. डॉक्टर तर चक्क मराठीत नाडी बघायचा. सुलतान बाजारात त्याचा दवाखाना. आमच्या मराठी मंडळाचा तो अध्यक्ष, मी चिटणीस. गणपतीतल्या नाटकात तो राजा व्हायचा आणि मी पडदा ओढायचो.

मुलगी पाच वर्षांची होती. तिला आंघोळ घालताना बायकोच्या हाताला पोटात डाव्या बाजूला काहीतरी घट्ट लागलं. तिनं मला बोलावून माझा हात तिथं ठेवला. मला काही कळलं नाही. मी म्हटलं, "जेवली असेल भरपूर." बायको म्हणाली, "अहो, जेवण एका कुशीला जाऊन बसत नाही."

मी तिला डॉक्टरकडे नेलं. त्यानं पोट दाबलं, जीभ बघितली, विचारलं, "माती खाते का?" मी म्हटलं, "कधीकधी खात असेल." प्रत्यक्षात मी तिला माती खाताना कधी पाहिलं नव्हतं, पण डॉक्टरनं एवढं विचारलं तर नाही कसं म्हणायचं. "जंत," डॉक्टर म्हणाला. गोड औषधाची बाटली दिली. मग पुन्हा गेलो, पुन्हा बाटली. उन्हाळा सगळा जंतात गेला. एकदा तिची लघवी लालसर झाली. डॉक्टर म्हणाला, "बीट खाल्लं असेल." मी लगेच म्हटलं, "हो हो, खाल्लंय." खाल्लं होतं, दोन चकत्या, चार दिवसांपूर्वी. ते बीट मीच पुरवलं.

बायको म्हणत होती, हिमायतनगरला एक तेलुगू डॉक्टरीणबाई आहेत लहान मुलांच्या, त्यांना दाखवू. मी डॉक्टरला विचारलं. तेव्हा शहरात सगळं नवं उघडत होतं. गच्चीगच्चीवर टीव्हीच्या थाळ्या बसत होत्या, आमच्या ऑफिसातला शिपाईसुद्धा शेअरचे फॉर्म भरत होता, आणि काचेच्या दाराचे खासगी दवाखाने निघत होते, ज्यांत पोटाचा फोटो काढायची यंत्रं आली होती. डॉक्टर खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "चिटणीस, हा सगळा नवा बाजार आहे. आधी मशीन आणतात, मग मशीनला पेशंट शोधतात. तुम्ही ऑफिसातले युनियनवाले, तुम्हाला मी काय सांगू?" मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते घरी जाऊन बायकोला माझंच म्हणून ऐकवलं.

त्या आठवड्यात नाटकाच्या तालमी सुरू झाल्या. मी पडद्याची दोरी नीट करत होतो, त्या संध्याकाळी तिनं रिक्षा केली आणि मुलीला एकटीनं हिमायतनगरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोटावर एकदाच, अलगद हात ठेवला आणि उचलून घेतला. "इंक नोक्कद्दु अम्मा," त्या बायकोला म्हणाल्या. आता कोणी दाबू नका. तोपर्यंत तिचं पोट मी, डॉक्टर, शेजारच्या काकू, मंडळाचा खजिनदार, सगळ्यांनी दाबून बघितलं होतं. फोटो काढला. डाव्या मूत्रपिंडावर गाठ होती, नारळाएवढी.

कॅन्सर हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नाही. मी मात्र एक दुसरा शब्द रोज उच्चारू लागलो. डॉक्टरचं नाव घ्यायचं मी बंद केलं आणि त्याला 'जंत' म्हणू लागलो. जंत आज मोटारीतून जाताना दिसला. जंताच्या दवाखान्यात आज गर्दी होती, मरणार बिचारे. जेवताना, दाढी करताना, मुलीला गोष्ट सांगतानासुद्धा. गोष्टीतला राक्षस जंत असायचा आणि शेवटी त्याचे हाल व्हायचे. मुलीला ते हाल फार आवडायचे. "अजून एक हाल," ती म्हणायची.

सूड घ्यायचे बेत मी इतके केले की माझ्या ऑफिसच्या कामावर परिणाम झाला. सगळ्यात सोपा बेत आधी उरकला. दवाखान्यासमोर त्याची करडी स्कूटर उभी असते, तिच्या चाकातली हवा बायकोच्या केसांच्या आकड्यानं सोडून दिली. चाक सुस्कारा टाकून बसलं तेव्हा मला मोक्ष मिळाल्यासारखं झालं. तेवढ्यात आमच्या मंडळाचा तबलजी पानाच्या दुकानातून आला आणि म्हणाला, "चिटणीस, बघा ना काय नशीब, कालच डॉक्टरांकडून घेतली ही." डॉक्टरनं मोटार घेतली होती हे मी स्वतःच घरी दहा वेळा सांगितलं होतं. ती स्कूटर मी तबलजीबरोबर चौकापर्यंत ढकलली.

ऑपरेशनची तारीख ठरली. सर्जन उंच, पांढऱ्या मिशांचे, बोलायला अगदी जुन्या शहरातले. कागदावर दोन मूत्रपिंडं काढून त्यांनी एकावर काट मारली. "एक निकालना पडता. एक पे बी लोगां आराम से जीते, शादी-ब्याह सब होता. बाद में सुइयां हैं, वो लंबी हैं. आप बस हौसला रखो." मी मान हलवली. विचारायचं खूप होतं. तोंडातून प्रश्न आला तो हा : "साहेब, तीन महिने आधी आलो असतो तर?" त्यांनी टोपण पेनाला लावलं. "वो सोचना नक्को," ते म्हणाले. यापेक्षा स्पष्ट उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही.

आमच्यात संकट मोठं असलं की देव पाण्यात ठेवतात. काम होईपर्यंत त्याला बाहेर काढायचं नाही, म्हणजे तोही आपल्याबरोबर गुदमरतो आणि लवकर काहीतरी करतो. मला ही पद्धत पहिल्यापासून पटलेली. बायकोनं मात्र ती सूड म्हणून केली नाही. तिनं देवघरातला रांगता पितळी बाळकृष्ण घेतला, फिरकीच्या तांब्यात स्वच्छ पाणी भरलं, त्याला हळूच आत सोडलं आणि फिरकी लावली. "घरी एकटा नको," ती म्हणाली, "बरोबर राहू दे." तांब्या पिशवीत घालून ती हॉस्पिटलात आली.

सकाळी मुलीला आत नेलं. तिच्या हातात तिची रुमालाची बाहुली होती, ती दारातच काढून आमच्याकडे दिली. थिएटरबाहेरच्या बाकावर आमच्यासारखेच एक म्हातारे गृहस्थ बसले होते, दाढी, टोपी, हातात माळ. त्यांचा नातू दुसऱ्या थिएटरात होता. बायको त्या बाहुलीकडे बघत बसली. मी घड्याळाकडे. दोन तासांचं काम म्हणाले होते. दोन झाले, अडीच झाले. मग एक नर्स बाहेर आली, रक्त आणखी लागेल म्हणाली आणि बायकोला सहीसाठी खाली घेऊन गेली. सही मी करायची, पण मी मुलीच्या नावाऐवजी माझंच नाव सांगितलं, तेव्हा नर्सनंच बायकोकडे बघितलं.

मी एकटा राहिलो. माणूस घाबरला की काय करतो? पाणी पितो. मी पिशवीतला तांब्या काढला, फिरकी सोडली आणि वर तोंड करून घटाघटा प्यायलो. तिसऱ्या की चौथ्या घोटाला काहीतरी टक्कन दातावर आपटलं.

आधी मला वाटलं, दात पडला. मग आत बघितलं. तळाशी बाळकृष्ण एका कुशीवर आडवा पडला होता आणि त्याचं अर्धं अंग कोरडं होतं.

आत माझी मुलगी पोट उघडून निजलेली आणि इथं मी तिचा देव कोरडा पाडला. काम पुरं व्हायच्या आत. जगात असा बाप दुसरा झाला नसेल. मी उठून बेसिनकडे धावलो, नळाचं पाणी तांब्यात भरलं, त्याला पावडरीचा उग्र वास होता. आता नळाचं पाणी देवाला चालतं की नाही हे मला माहीत नव्हतं आणि विचारायला कोणी नव्हतं. म्हाताऱ्या गृहस्थांनी सगळं बघितलं होतं.

"क्या हुआ बाबा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. भगवान के ऊपर का पानी पी गया.

"प्यासे को पानी पिलाए उनो," ते म्हणाले. "नाराज कायकू होंगे?"

बोलणं चांगलं होतं, पण त्यांचा देव तांब्यात नव्हता. मला धीर येईना. माझा अनुभव असा की साहेबाच्या टेबलावर चहा सांडला तर नुसतं सॉरी म्हणून भागत नाही, बदल्यात रविवारी ऑफिसात यावं लागतं. तसं काहीतरी मोठं द्यायला हवं होतं. मी नारळ म्हटला, फारच स्वस्त वाटला. पायी दर्शनाला येईन म्हटलं, त्यात मला सहलीचा आनंदच. सिगरेट सोडीन म्हटलं, ती गेल्याच वर्षी सोडली होती. जिवाला झोंबेल असं माझ्याजवळ एकच उरलं होतं. त्या डॉक्टरवरचा राग. खरं सांगतो, त्या दिवसांत मुलीच्या खालोखाल मी त्यालाच जपत होतो. रात्री कुरवाळून झोपायचो.

तांब्या दोन्ही हातांत धरून मी मोठ्यानं म्हणालो, "तिला सुखरूप बाहेर येऊ दे. तिच्या सुया संपू दे. मी त्या माणसाला बायकोसकट मेहूण म्हणून जेवायला घालीन. माझ्या हातानं पाय धुईन."

बोललो आणि लगेच वाटलं, जरा कमी बोलायला हवं होतं. नवरा-बायकोचं जोडपं लक्ष्मीनारायण समजून घरी बोलवायचं, पाय धुवायचे, पोटभर वाढायचं, दक्षिणा देऊन नमस्कार करायचा. आणि माझ्या पाटावर कोण, तर जंत. पण शब्द गेला होता, आणि ऐकणारा माझ्या हातातच होता.

सर्जन बाहेर आले तेव्हा चार तास झाले होते. टोपी काढली, कपाळ पुसलं. "निकल गया पूरा," ते म्हणाले. "साफ." मी त्यांच्या पायांवर पडायला वाकलो, तर ते मागे सरकले आणि माझं डोकं भिंतीवर आपटलं. बायको रडत होती, टेंगूळ बघून हसायला लागली. म्हातारे गृहस्थ उठून आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या नातवाचं अजून चालू होतं.

पेढे घेऊन मी हिमायतनगरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी खोक्याला हात लावला नाही. माझ्या बायकोकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मेरे को कायकू? इनको खिलाओ. ये लाए बच्ची को." मी तिथल्या तिथे बायकोला पेढा भरवला. त्या बाईंना मी नवसात का नाही घातलं, हे मला आजही समजत नाही. उपकार करणारा माणूस ऐन वेळी आठवत नाही. दुसरा बरोबर आठवतो.

पुढे सुयांचे महिने. मुलीचे केस गेले, वजन गेलं, पण गोष्टीतल्या राक्षसाचे हाल तिनं एक दिवस चुकू दिले नाहीत. शेवटची सुई झाली त्या संध्याकाळी मी बायकोला नवस सांगितला. पाणी प्यायल्याचं तेवढं गाळलं. तेही तिला हे वाचूनच कळेल. मुलीची चिंता नाही, तिचं मराठी वाचन दुकानाच्या पाट्यांपुढे गेलेलं नाही.

बायको थक्क झाली. "तुम्ही? त्यांना? स्वतःहून?"

"तोंडातून गेलं."

"मग करा आता. देवाशी बोललात, माझ्याशी नाही."

"दुसरं जोडपं नाही चालणार? तबलजी आणि त्याची बायको? त्याच्या स्कूटरचंही फिटेल."

"कसली स्कूटर?"

मी विषय बदलला. दरम्यान मंडळात डॉक्टर काय सांगत होता ते माझ्या कानावर आलं होतं. "मी त्यांना म्हटलंच होतं पुढच्या तपासण्या करा म्हणून." आमंत्रण द्यायला गेलो तर तो खुलला. "येतो की चिटणीस. आपल्या माणसांत रुसवा किती दिवस?" मी हसलो. मी काय ठरवलं होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. नवसात पाय धुवायचे ठरलं होतं, पाणी किती गरम ते ठरलं नव्हतं. पोटभर वाढायचं ठरलं होतं, काय वाढायचं ते नव्हतं. मी बायकोकडून बिटाची कोशिंबीर करून घेतली. मुलीसाठी रक्तवर्धक म्हणून सांगितलं. आणि दक्षिणेच्या पाकिटात नोटेच्या जागी मुलीच्या गाठीच्या तपासणीच्या रिपोर्टाची झेरॉक्स घातली, चार घड्या करून. वर एक शब्द लिहिला नाही. त्यात सगळं होतं, गाठीचं माप, वजन, आणि आमच्या घरात कोणी न उच्चारलेला शब्दही.

रविवारी दुपारी दोघं आली. त्याची बायको, म्हणजे आमच्या काकू, नऊवारी नेसल्या होत्या, डॉक्टर सिल्कच्या झब्ब्यात. पाट मांडला, परात ठेवली, आणि ते कढत पाणी.

"चिटणीस, पाणी जरा..."

"नवसाचं पाणी कोमट चालत नाही," मी म्हटलं. असा काही नियम नाही. बायकोनं माझ्याकडे एक नजर टाकली आणि गार पाण्याचा लोटा परातीत ओतला. मग मी धुतले. टाचेला भेगा होत्या, एका अंगठ्याचं नख काळं. राजाच्या भूमिकेत मी हे पाय कितीदा पडद्याच्या फटीतून पाहिले होते. धोतराच्या सोग्यानं पुसताना त्याला गुदगुल्या झाल्या आणि तो किंचित हसला. तेही मी मनात नोंदवून ठेवलं.

पानं वाढली. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडया, आणि डाव्या बाजूला लालभडक बीट. डॉक्टरनं पहिला घास हातात घेतला, तेवढ्यात आतून मुलगी आली. डोक्याला फुलांचा रुमाल बांधलेला. ती त्याच्यासमोर उभी राहिली, नीट निरखून बघितलं आणि मला विचारलं, "बाबा, हेच का जंतकाका?"

काकू म्हणाल्या, "काय म्हणते गं बाळ?"

"जंतकाका. यांचे हाल होतात ना शेवटी? तेलाच्या कढईत." तिनं त्याच्या पायांकडे बघितलं. "आज झाले का?"

बायकोनं पदर तोंडाला लावला. मी वाढायची पळी हातात धरून नुसता उभा.

डॉक्टरनं घास पानात ठेवला. मुलीला जवळ बोलावलं. "दुखतं का गं अजून?"

"नाही. बघायचंय?" टाके दाखवायचा तिला अभिमान होता. पोलकं बोटभर वर करून तिनं रेघ दाखवली, कुशीपासून पोटाच्या मध्यापर्यंत आडवी. त्याचा हात नुसताच उचलला गेला, तिथं पोचायच्या आत थांबला, आणि परत आला.

"तीन वेळा," तो म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, पानाकडे बघून. "तीन वेळा मी इथंच हात लावला होता, चिटणीस."

हे वाक्य मला हवं होतं. त्याच्यासाठी मी कितीतरी रात्री जागलो होतो, मनातल्या मनात त्याला तोंड वेंगाडून ते म्हणायला लावलं होतं, मंडळाच्या रंगमंचावर, भर सभेत. आणि आलं तर कधी आलं. कारण पुढचं वाक्य होतं, "मला जेवण जायचं नाही," आणि तो पाटावरून उठायला लागला.

मेहूण उपाशी उठलं की नवस फिटत नाही. उलटतो. सुया संपल्या होत्या खऱ्या, पण आत काही उरलंय का हे बघायच्या तपासण्या वर्षानुवर्षं चालणार होत्या. मी पळी टाकली आणि त्याचा खांदा धरून त्याला खाली बसवलं.

"डॉक्टर, बसा. उठू नका."

"कुठल्या तोंडानं बसू?"

"ज्या तोंडानं जेवता त्याच. एक घास घ्या."

"चिटणीस, मी तिचं..."

"ते नंतर. आधी पोळी. गरम आहे. तूप घाला ना यांना, अगं, तूप घाल." मी गुडघ्यांवर आलो होतो. ज्याला तेलाच्या कढईत तळत होतो, त्याच्यापुढे मी पोळीचा तुकडा तुपात बुडवून धरला होता. "माझ्या मुलीसाठी खा हो. हात जोडतो."

त्याची नजर बिटावर खिळली होती. ते बघून मला काही सुचेना. मी हात घालून त्याच्या पानातली ती कोशिंबीर उचलली आणि सगळी माझ्या तोंडात कोंबली. पुन्हा उचलली, पुन्हा कोंबली, पान तिथं स्वच्छ होईपर्यंत. माझी हनुवटी, बोटं, धोतर, सगळं लाल. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला. बहुतेक त्यालाही आठवलं, बीट खाल्लंय असं कोण म्हणालं होतं ते.

मग त्यानं माझ्या हातातला तुकडा तोंडात घेतला. रडत रडत जेवला. दोन पोळ्या, भात, ताक. काकू त्याच्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या. मुलगी समोर बसून कुरडया खात होती.

जेवण झालं, विडे झाले. बायकोनं काकूंची ओटी भरली आणि ताटातलं दक्षिणेचं पाकीट उचललं. तिला आत काय आहे माहीत नव्हतं. मला होतं. मी दोन हात लांब उभा होतो, नुसतं "थांब" म्हटलं असतं तरी पुरे. पण त्याचं पोट भरलं होतं. नवस फिटला होता. देवाचं देणं संपलं, आता माझं आणि त्याचं. मी थांब म्हटलं नाही. काकूंनी पाकीट कपाळाला लावून पिशवीत ठेवलं.

ती दोघं गेली आणि मी वाट बघत बसलो. आठवडा, पंधरवडा, महिना. भेटायला येईल, चिठ्ठी पाठवील, निदान रस्त्यात तोंड चुकवील. काहीच नाही. मंडळाच्या बैठकीत समोरासमोर बसलो तर त्यानं मला पाणी पुढे केलं. मी मुद्दाम रिपोर्ट हा शब्द दोनदा वापरला, जमाखर्चाचा रिपोर्ट, सभेचा रिपोर्ट. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मला वाटलं, काय निगरगट्ट माणूस आहे. एवढं वाचून ढेकर देऊन बसलाय.

दसऱ्याला आम्ही तिघं त्यांच्याकडे सोनं द्यायला गेलो. जायचं कारण माझ्या मनात वेगळं होतं. घरात, त्याच्या खुर्चीत, बायकोसमोर त्याचा चेहरा बघायचा होता. मुलीच्या डोक्यावर बोटभर केस आले होते. डॉक्टरनं तिच्या हातात आपट्याची पानं दिली आणि तिनं त्याला दिली. काकू म्हणाल्या, "आधी देवाला नमस्कार करा," आणि आम्हाला आत नेलं.

देवघरात अन्नपूर्णेच्या शेजारी एक पाकीट भिंतीला टेकवून उभं होतं. कडा तेलानं पिवळ्या पडलेल्या, मधोमध कुंकवाचा जाड थर, वर अक्षता आणि त्या दिवसाचं शेवंतीचं फूल. चिकटवलेली पट्टी जशीच्या तशी. माझं अक्षर ओळखू आलं असतं, पण मी वर काही लिहिलंच नव्हतं.

"तुमच्या नवसाचं आहे," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "मी यांना उघडू दिलं नाही. म्हटलं, असली दक्षिणा खर्चायची नसते. रोज सकाळी तुमच्या मुलीचं नाव घेऊन कुंकू लावते. हेसुद्धा दवाखान्यात जाताना हात लावून जातात."

बायकोनं डोळे पुसले आणि वाकून नमस्कार केला. मुलीनं केला. मीही केला, दुसरं काय करणार? वाकलो तेव्हा ते पाकीट माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर होतं. काकू पाणी आणायला स्वयंपाकघरात गेल्या, बायको मुलीला घेऊन बाहेर गेली. मी एकटाच होतो. झब्ब्याला खिसा होता. उचलून खिशात घालायला कितीसा वेळ लागतो, किंवा बाहेर नेऊन त्याच्या हातात देऊन सांगायला, की उघडा, तुमच्यासाठीच आहे. राग काही कुठं गेला नव्हता.

पण मुलीची पुढची तपासणी गुरुवारी होती. मी त्या पाकिटावरचं फूल घसरलं होतं ते सरळ केलं आणि बाहेर येऊन डॉक्टरशेजारी बसलो.